ऑपरेशनआधी पुन्हा एमआरआय कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: गुदाशयाच्या कर्करोगात रेडिएशन-केमोनंतर एमआरआयला वण आणि गाठ नीट वेगळे ओळखता येत नाहीत, ऑपरेशन ठरलेलंच असतं, खरी स्टेज पॅथॉलॉजीत कळते, मग पुन्हा स्कॅन म्हणजे नुसता उशीर.

पहिला मुद्दा बराचसा मान्य. उपचारानंतरच्या एमआरआयवरून काढलेली टी-स्टेज, म्हणजे गाठ भिंतीत किती खोल शिरली आहे याचा अंदाज, फारशी भरवशाची नसते. पण या स्कॅनला स्टेज विचारायचीच नसते. कुठून कापायचं आणि मुळात कापायचं का, एवढंच त्याला विचारायचं.

गुदाशयाभोवती चरबीचं वेष्टन असतं आणि त्याबाहेर एक पातळ पडदा, मेसोरेक्टल फॅशिया. एरवी सर्जन या पडद्याला लागून, बाहेरच्या बाजूने सोडवत जातो. गाठ पडद्यापासून 1 मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असली, की ती कड धोक्यात मानतात. उपचारानंतर मध्ये चरबीची स्वच्छ पट्टी दिसू लागली, तर नेहमीच्या मार्गाने जाता येतं. स्कॅनवर काळा दिसणारा वणाचा दोर मात्र पडद्याला चिकटूनच राहिला, तर त्यात जिवंत पेशी उरल्या नाहीत असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही म्हणता ती अनिश्चितता नेमकी हीच, आणि म्हणूनच ती आधी कळायला हवी. त्या बाजूला पडद्याबाहेर जाऊन प्रोस्टेटचा किंवा योनीच्या मागच्या भिंतीचा भाग सोबत काढायची तयारी ठेवावी लागते, रुग्णाशी तसं आधीच बोलावं लागतं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हे सांगतो खरा, पण तोवर ऑपरेशन उरकलेलं असतं.

ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीलगतच्या लिम्फ नोड्सचंही (लसिकाग्रंथींचंही) तेच. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये त्या निघतच नाहीत. पहिल्या स्कॅनमध्ये 7 मिलिमीटर किंवा मोठी असलेली इंटर्नल इलियाक नोड (तिथल्याच त्या नावाच्या रक्तवाहिनीजवळची) उपचारानंतरही 4 मिलिमीटरपेक्षा मोठी राहिली, तर ती बाजू वेगळी साफ करायची का, हे ठरवावं लागतं. त्यासाठी जुना स्कॅन शेजारी ठेवूनच नवा वाचायला हवा. नुसता नवा रिपोर्ट अर्धाच.

सरसकट सगळ्यांना स्कॅन, असं माझं म्हणणं नाही. पाच दिवसांचं रेडिएशन देऊन आठवडाभरात ऑपरेशन होणार असेल, तर गाठ आकसायला वेळच मिळत नाही. तिथे पुन्हा स्कॅन निरर्थक. काही आठवडे चालणाऱ्या रेडिएशन-केमोच्या लांब कोर्सनंतरही घाई केली तर सूजच दिसते. साधारण 6 ते 8 आठवडे जाऊ द्यावेत.

बरेचसे निरुपयोगी रिपोर्ट स्कॅन नीट न काढल्यामुळे येतात. टी-टू (एमआरआयचा एक प्रकार, यात पाणी पांढरं दिसतं) चित्रांचे काप 3 मिलिमीटरचे आणि गाठीच्या अक्षाला काटकोनात हवेत. तिरके घेतले की भिंत पुसट होते आणि नसलेला शिरकाव दिसू लागतो. गुदाशयात वायू असला की डिफ्युजनची (पेशींमधल्या पाण्याची हालचाल टिपणारी) चित्रं विकृत होतात, म्हणून आधी छोटा एनिमा. श्लेष्मा स्रवणाऱ्या गाठीत पेशी मेल्या तरी श्लेष्माची तळी टी-टूवर पांढरी चमकत राहतात. तिथे रेडिओलॉजिस्टला पहिली बायॉप्सी माहीत असलीच पाहिजे.

‘ऑपरेशन ठरलेलंच असतं’ हे मात्र आता खरं नाही. बोटाने तपासणी, एंडोस्कोपी आणि एमआरआय, तिन्हींत गाठ दिसेनाशी झाली, तर ऑपरेशन न करता कडक देखरेखीचा पर्याय आहे. ब्राझीलमध्ये अँजेलिता हबर-गामा यांनी तो पुढे आणला. अशा साधारण चारांतल्या एकात गाठ पुन्हा उगवते, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. त्यामुळे तपासण्या चुकवणाऱ्याने हा मार्ग धरू नये. आणि बायॉप्सी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. पेशी भिंतीत खोलवर उरू शकतात, चिमटा वरवरचाच तुकडा आणतो.

छाती-पोटाचा सीटीही याच सुमारास. यकृतात किंवा फुप्फुसात नवा डाग निघाला, तर आधी कशावर उपचार करायचा हा क्रमच बदलतो.

उशिराची तुमची काळजी रास्त आहे. त्यावर उपाय साधा: रेडिएशनच्या शेवटच्या दिवशीच एमआरआयची तारीख घ्यायची आणि पहिल्या स्कॅनची सीडी तेव्हाच जमा करायची.