आपल्या अभिप्रायास उत्तर : बोधिसत्त्वाचे एक आण्याचे तिकीट

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिले आहे की आजोबांचा टपाल तिकिटांचा अल्बम घेऊन आपण चाळीसगावहून जळगावला आमच्या दुकानी आलात, त्यातील बोधिसत्त्वाचे एक आण्याचे ‘चुकीचे’ तिकीट लाखमोलाचे असल्याचे आपल्या वाचनात आले होते, आणि आम्ही मात्र दोन मिनिटांत त्याची किंमत काही रुपये सांगून व दुसरे बिनदात्याचे, म्हणजे कडांना छिद्रांची दातेरी किनार नसलेले, तिकीट ‘कापलेले’ ठरवून आपली फसवणूक केली. घाईविषयीची आपली तक्रार खरी आहे. शनिवारच्या गर्दीत मी भिंग आपल्या हाती न देताच निकाल सांगितला आणि आजोबांनी आयुष्यभर जपलेल्या वस्तूंना ‘किरकोळ माल’ म्हटले, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. किमतीविषयीचे माझे मत मात्र तेच आहे, आणि त्याची कारणे, जी त्याच दिवशी सांगायला हवी होती, ती येथे लिहितो.

१५ ऑगस्ट १९४९ रोजी पुरातत्त्व मालिकेची सोळा तिकिटे निघाली. त्यांपैकी एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी आली आणि तिचा डावा हात पुढे आलेला दिसू लागला. १९५० मध्ये चित्र सुधारून उजव्या हाताचे तिकीट काढण्यात आले. आपल्या तिकिटावर डावाच हात आहे, म्हणजे चूक खरी आहे. परंतु ही चूक मूळ चित्रातच असल्यामुळे ती प्रत्येक शीटच्या प्रत्येक तिकिटावर उतरली, आणि दुरुस्ती होईपर्यंत तेच तिकीट टपाल कचेऱ्यांतून रोज विकले जात होते. आपल्याकडच्या कापसाच्या जुन्या पेढ्यांचा पत्रव्यवहार चाळला तर ते आजही सहज हाती लागते.

दुर्मीळ ठरते ती छपाई चालू असताना एखाद्या शीटवर झालेली आणि कोणाच्या लक्षात न येता बाहेर पडलेली चूक. १८५४ चे कलकत्त्यात छापलेले चार आण्यांचे तिकीट दोन रंगांचे असल्याने कागद दोनदा छपाईखाली जात असे, एकदा तांबड्या चौकटीसाठी आणि एकदा राणी व्हिक्टोरियाच्या निळ्या मुखचित्रासाठी. त्यात काही कागद उलटे लागले आणि चौकट सुलटी पण राणीचे डोके खाली अशी तिकिटे निर्माण झाली. त्यांच्या मोजक्याच प्रती आज ज्ञात आहेत. त्यांची किंमत त्या मोजकेपणाची आहे.

बिनदात्याच्या तिकिटाचे थोडे वेगळे आहे. १८५४ च्या तिकिटांना दाते नव्हतेच, ती कात्रीने कापूनच वापरली जात. पुढच्या काळातील तिकिटांना मात्र छपाईनंतर निराळ्या यंत्रावर छिद्रे पाडली जात. एखादी शीट त्या यंत्रातून सुटली, तर शेजारशेजारची अनेक तिकिटे बिनदात्याची राहतात, म्हणून जाणकार संग्राहक अशा चुकीची जोडी मागतात, कारण जोडीच्या मधली कोरी जागा कात्रीने तयार करता येत नाही. आपले तिकीट सुटे आहे, आणि दात्यांसहित असलेल्या त्याच किमतीच्या तिकिटाशेजारी ठेवले असता ते रुंदीला कमी भरले. खरोखर छिद्रे न पडलेले तिकीट लहान भरण्याचे कारण नाही. ही कापाकापी आजोबांनी केली असे मी म्हणत नाही. त्यांना ते तसेच विकले गेले असण्याची शक्यता अधिक वाटते.

आता जे मी घाईत सांगायचे राहिले आणि ज्याची मला सर्वांत जास्त खंत आहे, ते. अल्बमच्या शेवटच्या खिशात पत्त्यात ‘पूर्व खानदेश’ लिहिलेली काही पाकिटे होती. कृपा करून त्यांवरची तिकिटे पाण्यात भिजवून काढू नका. जळगाव जिल्ह्याचे हे जुने नाव १९६० पर्यंतच चालले. पत्ता, गावाचा शिक्का आणि तिकीट एकत्र असलेले असे पाकीट आमच्या भागाच्या टपाल-इतिहासाचा पुरावा असते आणि सुट्या तिकिटापेक्षा संग्राहक त्याला अधिक मान देतात. उन्हाळ्यात अल्बम पत्र्याच्या कपाटात आडवा दाबून ठेवू नये, उभा ठेवावा. आपल्याकडच्या उष्म्यात मागचा डिंक पानाला चिकटतो.

आपण पुन्हा यावे, सकाळी, गर्दी नसताना. दोन्ही तिकिटे आपल्याच हातात भिंग देऊन, शेजारी तुलनेची तिकिटे ठेवून दाखवीन, आणि ती पाकिटे एकेक करून पाहू. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही, आणि विकण्याचा आग्रहही नाही.