लिफ्टचं दार आणि माझं वाङ्मय

आमच्या इमारतीत मी 'लिहिणारे' म्हणून ओळखला जातो. माझं लिहिलेलं इमारतीतल्या कुणीही वाचलेलं नाही. ही ओळख इतकी वर्षं टिकली ती बहुधा त्यामुळेच.

तर एका रविवारी सेक्रेटरी दारात उभे. "तुम्ही लिहिता ना? मग लिफ्टमध्ये लावायला दोन ओळी लिहून द्या. लोक दार नीट लावत नाहीत."

आमची लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीची. आतली जाळी आणि बाहेरचं दार, दोन्ही पुरती बंद झाल्याशिवाय ती जागची हलत नाही. कुणीतरी दुसऱ्या मजल्यावर उतरतं, जाळी बोटभर उघडी राहते आणि लिफ्ट तिथेच ठाण मांडते. खालची माणसं बटण दाबतात, मग जोरात दाबतात, म्हणजे बटणाला लाज वाटेल. शेवटी जिन्यातून आरोळी उठते, "दाऽऽर!" त्यातला सगळ्यांत खणखणीत आवाज पाचव्या मजल्यावरच्या आजींचा. गुडघे गेलेत, गळा शाबूत आहे.

दोन ओळींना मला चार दिवस लागले. पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १६५६ च्या डिसेंबरातल्या एका पत्रात, आखूड करायला सवड मिळाली नाही म्हणून पत्र लांबलं, अशी सबब दिली होती. मला सवडच सवड होती. तरी लांबलं.

पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती : 'दार ही निव्वळ वस्तू नव्हे. ती आत आणि बाहेर यांच्यामधली एक हळवी सीमा आहे.' बायकोला वाचून दाखवलं.

"छान आहे. पण यात लिफ्ट कुठेय?"

"तिसऱ्या परिच्छेदात येते."

"तोवर माणूस उतरून घरी पोचलेला असेल."

दुसऱ्या मसुद्यात मी कडक झालो. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, उपरोक्त उद्वाहनाचे द्वार वापरानंतर पूर्णतः बंद करण्यात यावे.' उपरोक्त म्हणायला वर काहीच नव्हतं, पण त्या शब्दाशिवाय सूचनेला वजन येत नाही. घोटाळा क्रियापदात होता. 'बंद करण्यात यावे' म्हटलं की ते कुणी करायचं, हा प्रश्नच मिटतो. या प्रयोगात कर्ता रजेवर असतो. सध्याही दार कुणीच लावत नव्हतं, म्हणजे माझ्या सूचनेचं पालन ती लागण्याआधीपासूनच चालू होतं.

मग सर्वनामांनी छळलं. 'तुम्ही दार लावत नाही' म्हटलं तर भांडण. 'आम्ही विनंती करतो' म्हटलं तर आम्ही म्हणजे कोण, आम्ही काय पंखांनी वर जातो? उरला 'आपण'. इंग्रजीवाल्यांना एकाच 'वी'मध्ये सगळ्यांना कोंबावं लागतं. आपल्याकडे वाचकाला सोबत घेणारा 'आपण' वेगळा आणि त्याला बाहेर ठेवणारा 'आम्ही' वेगळा. या सोयीवर मी खूश झालो आणि लिहिलं, 'आपण घाईत दार उघडं ठेवता.' वाचल्यावर लक्षात आलं, हा आपण सोबतचा नव्हे. हा हात जोडून आरोप करणारा आदरार्थी आपण. 'ठेवतो' केलं, तर मीही गुन्हेगार. एका अक्षरात आरोपी बदलतो, ही भाषा सूचनांसाठी घडलेलीच नाही.

एवढं करूनही बायको म्हणत होती, कळत नाही. मला तर सगळं लख्ख दिसत होतं. याला एक प्रयोगच आहे. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने काही लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला आणि ऐकणाऱ्यांना गाणं ओळखायला सांगितलं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी तरी ओळखतील. ओळखली गेली १२० पैकी ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण वाद्यवृंद चालू असतो. समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. मी घरीच पडताळा घेतला. टेबलावर एक अजरामर गाणं तालासुरात वाजवलं. बायको उठली आणि दार उघडून बघून आली.

चौथ्या दिवशी सेक्रेटरींनी तगादा लावला आणि जाता जाता सल्लाही दिला. ते शेअर बाजारातले. म्हणाले, "अमेरिकेतले मोठे गुंतवणूकदार वॉरेन बफे यांचं बघा. भागधारकांना पत्र लिहिताना ते डोरिस आणि बर्टी या आपल्या बहिणींशी बोलतोय असं समजून लिहायचे. बहिणी हुशार, पण हिशेबतज्ज्ञ नव्हेत. १९९८ साली सोप्या इंग्रजीवरच्या तिकडच्या सरकारी पुस्तिकेच्या प्रस्तावनेत सांगितलंय त्यांनी." मी लगेच माझ्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "काय ते पटकन बोल, मी कामात आहे." वाचक म्हणून ती बाद झाली. खरं तर अगदी खरा वाचक तीच, पण हे तेव्हा सुचलं नाही.

मग मी मूळ आरोपीलाच डोळ्यांसमोर आणलं : दुसऱ्या मजल्यावरचे काका. एका हातात पिशव्या, दुसऱ्यात फोन, मान तिरकी. जाळी ते कोपराने ढकलतात. त्यांच्या मते दार लागलेलं असतं. म्हणजे काका बेशिस्त नव्हते; दार लागलं की नाही हे त्यांना समजतच नव्हतं! चार दिवस मी ज्यांना सीमा, संस्कृती आणि कर्तव्य समजावत होतो त्यांना फक्त एक आवाज ऐकायचा होता. मी लिहिलं :

'उतरल्यावर जाळी ओढुन घ्या. खट् आवाज आला की मगच निघा. वर आजी थांबल्या आहेत.'

एकही विशेषण नाही. खाली नाव घालायचीही सोय नाही. जड मनाने कागद लिफ्टच्या आत चिकटवला आणि त्या दिवशी कारण नसताना सात वेळा वर-खाली केलं. काका वाचत होते का? काका फोन वाचत होते.

तिसऱ्या दिवशी मात्र कागदावर लाल शाई! 'ओढुन'वर काट, शेजारी ठसठशीत 'ओढून', आणि समासात : 'ऊ दीर्घ!' माझा ऊर भरून आला. कुणीतरी शब्द न् शब्द वाचला होता. दुसऱ्या दिवशी निळ्या पेनाने 'खट्'चा पाय मोडलाय तो बरोबर की चूक, असा प्रश्न आला. त्याखाली पेन्सिलीने उत्तर. मग उत्तराला प्रत्युत्तर. एवढा प्रतिसाद मला आयुष्यात मिळाला नव्हता.

परवा संध्याकाळी लिफ्टमध्ये पाच जण दाटीवाटीने उभे होते. काका फोन खिशात टाकून, चष्मा कपाळावर सरकवून वाचत होते. चौथ्या मजल्यावरच्या बाई नियम सांगत होत्या. सेक्रेटरी म्हणत होते, उद्वाहन शब्द हवाच होता. बाहेरून आणखी दोघं डोकावले, तशी त्यांना आत घ्यायला मी जाळी पायाने अडवून धरली. एवढे वाचक जमलेले, लिफ्ट हलून चालणार नव्हती.

इतक्यात वरून आवाज आला.

"दाऽऽऽर!"