'तीन महिन्यांत मज्जारज्जू जुळतो' या मेसेजला उत्तर

"मणक्याला मार लागून पाय गेलेत? 'बुयांग हुआनवू' हा चिनी काढा आणि मोक्साचा शेक घ्या. उंदीर चालू लागले. तीन महिन्यांत नसा जुळतात, साइड इफेक्ट शून्य, फिजिओथेरपी बंद करा." हा मेसेज आता माझ्या मावशीकडे पोचलाय. तिच्या मुलाला छातीखाली काही जाणवत नाही, आणि घरात शेकाची तयारी चालू आहे.

आधी शेकच थांबवा. मोक्सा म्हणजे दवण्याच्या कुळातला वाळवलेला पाला जाळून दिलेली ऊब. बधिर पायाला चटका कळत नाही. फोड आला की मगच दिसतो, आणि ती जखम महिनोन् महिने चिघळते. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर न जाणवलेला चटकाही रक्तदाब भडकवतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. वरचा आकडा नेहमीपेक्षा 20 ते 40 ने वाढला तरी ही इमर्जन्सी आहे. रुग्णाला लगेच बसतं करा, पाय खाली सोडा, पट्टे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा, दर दोन-पाच मिनिटांनी बीपी मोजा. उतरत नसेल तर थेट हॉस्पिटल.

'साइड इफेक्ट शून्य' हेही खोटं. काढ्यात करडईची फुलं आणि दांगग्वी ही चिनी मुळी असते. दांगग्वीमुळे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि अशा रुग्णांना गुठळी होऊ नये म्हणून अशी औषधं बऱ्याचदा चालूच असतात.

हा काढा चिनी वैद्य वांग छिंगरन यांनी 1830 मध्ये लिहिला तो अर्धांगवायूसाठी. मज्जारज्जूच्या इजेसाठी नव्हे.

उंदरांचं म्हणाल तर त्यांच्यात सुधारणा दिसते, हे मान्य. पण मज्जारज्जू चेचलेला उंदीर बऱ्याचदा औषधाशिवायही काही आठवड्यांत पावलं टाकू लागतो, कारण काही मज्जातंतू शाबूत राहिलेले असतात. शिवाय औषध बहुतेक वेळा इजेनंतर लगेच सुरू होतं, दोन वर्षांनी नाही. उरलेले तंतू वाचवणं वेगळं, तुटलेले वाढवणं वेगळं. 1981 मध्ये डेव्हिड आणि आग्वायो या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की मज्जारज्जूचे तंतू पायाच्या नसेच्या तुकड्यातून वाढतात, पण पुन्हा मज्जारज्जूत शिरले की थोड्याच अंतरावर थांबतात. अडथळा तिथल्या परिसरात आहे, आणि काढ्याने माणसात तो हटल्याचा पुरावा नाही.

अॅक्युपंक्चरने, म्हणजे सुया टोचण्याच्या चिनी उपचाराने, काहींच्या वेदना कमी होत असतील. पण फिजिओ सोडला तर घोटे आखडतात, आणि पुढे पाऊल व्हीलचेअरच्या पायठ्यावर सपाट टेकवणंही अवघड होतं.