हतनूरला पोंटून टाकायची तर ओढायला गाडी कोणती?

अप्पाला पोंटून बोट घ्यायचीये हे आमच्या कट्ट्यावर सगळ्यांना माहिती आहे, त्याच्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण परवा तो चहा हातात घेऊन म्हणाला की बोट ओढायला फॉर्च्युनर बघतोय, आणि मग जे सुरू झालं ते टपरीवाल्यानं शटर ओढेपर्यंत चाललं. मी हे लिहून काढतोय कारण हतनूर, वाघूर, गिरणा, आपल्याकडच्या कुठल्याही धरणात असली बोट टाकायचा कुणाचा विचार असेल तर त्याच्या कामाचं आहे, आणि मला खरंच वाटतं की आपल्याकडे लोक हा विचार उलट्या टोकाकडून करतात. आधी गाडी, मग बोट, आणि पाणी सगळ्यात शेवटी.

कट्ट्यावर कोण कोण ते सांगतो. अप्पा केळीवाला, घरी ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि एक बोलेरो. नाना रेल्वेतून रिटायर, सगळी नोकरी भुसावळच्या लोको शेडला. मिस्तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. मास्तर शाळेत शिकवतो आणि हिवाळ्यात रविवारी दुर्बीण घेऊन हतनूरच्या काठावर असतो. माझं बेअरिंगचं दुकान.

पोंटून म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी, दोन लांब बंद नळ्या, बहुतेक अॅल्युमिनिअमच्या, त्यावर सपाट डेक, भोवती रेलिंग, बसायला सोफे, वर कापडी छत, आणि मागे बाहेरून टांगलेलं आउटबोर्ड इंजिन. नाव डुलते तशी ही डुलत नाही, आणि हिला पाणी कमी लागतं, फूट-सव्वाफूट खोलीवर नळ्या तरंगतात, प्रोपेलर मात्र त्याच्या बराच खाली असतो. अप्पाचा बेत असा की पाहुणे, बायकापोरं, हिवाळ्यात पक्षी बघायला येणारी मंडळी, सगळ्यांना चांगदेवपर्यंत फिरवून आणायचं, तापी-पूर्णेच्या संगमावर. बेत चांगलाच आहे.

"पहिले पाणी पाह्य," नाना म्हणे. "हतनूरचे ४१ दरवाजे हायेत भो. पावसाळ्यात वर बऱ्हाणपूरकडं पाऊस झाला, पूर्णेला पूर आला, की दरवाजे उघडतात, त्या दिवसात बोट पाण्यात ठेवायचीच नई. आणि मे महिन्यात पाणी मागं गेलं की काठाला राहतो गाळ. तू बोट उतरवशील कुठून?"

अप्पाला ह्याचं उत्तर देता आलं नाही. मला विचाराल तर सगळ्या भानगडीचं मूळ इथंच आहे. व्हिडिओत जे दाखवतात ना, सिमेंटचा उतार, गाडी मागं घेतली, ट्रेलर पाण्यात, बोट सुटली, दोन मिनिटांत काम, तसा उतार आपल्या धरणांवर बहुतेक जागी नाहीच. आपल्याकडे काळी माती. कोरडी असताना दगड आणि ओली झाली की त्यात माणसाचा पाय घोट्यापर्यंत जातो, तिथं दोन टनाची गाडी उतारावर मागच्या चाकांवर ट्रेलरचं वजन घेऊन उभी करायची आणि वर परत चढवायची. फोर बाय फोर असली तरी रस्त्याचे टायर त्या चिखलात काय धरणार.

पण मिस्तरीला त्याआधी नळ्यांचं बोलायचं होतं. त्यानं विटेचा तुकडा घेतला आणि कट्ट्याच्या फरशीवर गोल काढला. "नळी समज ६० सेंटीमीटर जाडीची, ६ मीटर लांब. आत किती पाणी मावलं असतं? १७०० लिटर. म्हणजे ती नळी पूर्ण बुडाली तर १७०० किलो उचलणार. दोन नळ्या, ३४०० किलो. बरोबर?" अप्पा खूश, म्हणे मग पंधरा माणसं आरामात. मिस्तरीनं गोलाच्या बरोबर मधून आडवी रेघ मारली. "पूर्ण बुडवायची नसते भो ती. अर्धी पाण्यात, अर्धी वर. म्हणजे तुले १७०० च मिळाले. त्यातून बोट स्वतः ९०० किलो, चाळीस एचपीचं इंजिन १०० च्या आसपास, पेट्रोल, बॅटरी, नांगर, जॅकेटं धरून अजून १००. काय राहिलं?" राहिले ६०० किलो. पंचाहत्तर किलोचा माणूस धरला तर आठ जण. अप्पाच्या चेहऱ्यावरूनच कळलं की त्याला हे पटलं पण आवडलं नाही.

मग मिस्तरीचं पुढचं. नळी तो इथंच बनवून देईल, पण लोखंडी पत्र्याची नाही. अडीच एमएम जाडीच्या अॅल्युमिनिअमची तेवढी नळी ७५-८० किलोच्या घरात बसते, तेवढ्याच जाडीचं लोखंड घेतलं तर सव्वादोनशे, म्हणजे दोन नळ्यांमागे चार माणसांची जागा लोखंडानंच खाल्ली, वर गंज वेगळा. मी विचारलं की पीव्हीसी-एचडीपीईच्या पाईपचं काय, आपलं जळगाव म्हणजे पाईपचं गाव, तर तो म्हणे जेट्टी करायला उत्तम, एका जागी तरंगत राहायला उत्तम, पण एवढ्या व्यासाचा एचडीपीई पाईप वजनाला अॅल्युमिनिअमच्या तिप्पट जातो आणि उन्हात थोडा वाकतो. एक गोष्ट त्यानं फार ठासून सांगितली आणि ती मलाही फार महत्त्वाची वाटते, नळीच्या आत आडवे पडदे वेल्ड करून वेगवेगळे कप्पे पाहिजेत, म्हणजे एखाद्या खडकावर घासून नळी फाटली तरी एकच कप्पा भरेल. तयार बोट घेणाऱ्यानंही हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता मास्तर. तो म्हणे दोन नळ्या चालणारच नाहीत, तीन पाहिजेत, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं होतं. "तुम्ही माणसं मोजली, पण माणसं जागेवर बसतात का? मी दर रविवारी पाहतो. उजवीकडे बदकांचा थवा उठला की काठावरचे सगळे उजवीकडे धावतात, कॅमेरे घेऊन. बोटीवर आठच्या आठ जण एका रेलिंगला गेले की त्या बाजूची नळी खाली बसणार. मधे तिसरी नळी असली की तेवढी दबत नाही."

मिस्तरी म्हणे तिसरी नळी म्हणजे नळी, तिचे ब्रॅकेट, आणि मग मोठं इंजिन, दीड-दोनशे किलो नुसते तिथंच वाढले, ट्रेलरही मोठा. ती वेगासाठी असते, मोठ्या लाटांसाठी असते, हतनूरला दोन्ही नाही. मास्तर म्हणे लाटा नसतील पण वारा आहे, एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वावटळ सुटते तेव्हा ते कापडी छत शिडासारखं भरतं आणि बोट वाऱ्याबरोबर चालायला लागते. त्यावर नानाचं उत्तर, वारा उठला की छत मिटायचं आणि काठ गाठायचा, त्याला नळी काय करेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. माझं मत विचाराल तर दोन नळ्या आणि माणसांवर सक्त मर्यादा. पण मास्तराचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, बोटी उलटतात त्या बहुतेक वेळा जास्त माणसं आणि एका बाजूला गर्दी ह्याच दोन कारणांनी.

इंजिनावर फार वाद झाला नाही. फोर स्ट्रोकच, कारण टू स्ट्रोकमध्ये न जळलेलं तेल पाण्यात जातं आणि हतनूरचं पाणी लोक पितात. शाफ्ट, म्हणजे प्रोपेलरपर्यंत खाली जाणारी दांडी, लांब, वीस इंची, आखूड शाफ्ट पोंटूनला पुरत नाही. मास्तराला इलेक्ट्रिक मोटर पाहिजे होती, आवाज नको म्हणून. ५५ पाउंड थ्रस्टची, म्हणजे तेवढा रेटा देणारी, मोटर पूर्ण जोरात चालवली तर १२ व्होल्टवर ५० अँपिअरच्या आसपास ओढते, शंभर एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी दोन तासांत संपली, आणि समोरून वारा आला तर एवढी बोट ती हलवू शकत नाही. तेव्हा पेट्रोलचं मुख्य, आणि पक्ष्यांजवळ जायला ही छोटी जोडीला.

आणि मग गाडी. अप्पा म्हणे फॉर्च्युनरला ५०० एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, आहे, स्कॉर्पिओ-एन ला ४००, बोलेरोला फक्त २१०, बोलेरो काय ओढणार. इथं नाना असा तापला की मी त्याला इतकं तापलेलं पाहिलं नव्हतं. "चाळीस वर्षं इंजिनात गेली माझी. ओढतं किती हे कोणीबी विचारतं. थांबवतं किती ते विचार! बोट, इंजिन, सामान ११००, ट्रेलर ४००, दीड टन झालं. तुझी बोलेरोच दीड टनाच्या वर थोडीशी. म्हणजे मागं अजून एक बोलेरो बांधली आणि तिला ब्रेकच नई. समोर म्हैस आली तर?"

ह्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. गाडीनं ब्रेक मारला की ट्रेलर पुढं रेटतो, त्या रेट्यानंच दांडीतला सिलिंडर दाबला जाऊन ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो अशी रचना असते, तिला ओव्हररन ब्रेक म्हणतात. गाडी कोणतीही असो, दीड टनाच्या ट्रेलरला हा पाहिजेच. अप्पाला पुढं तोरणमाळच्या यशवंत तलावापर्यंत बोट न्यायचीये, तिथला सात पायरीचा घाट उतरताना मागून दीड टन रेटतंय म्हटल्यावर टॉर्कचा आकडा काही कामाचा नाही. थार चालेल का असंही कुणीतरी विचारलं. ताकद आहे, पण गाडी आखूड, लांब ट्रेलर मागं डोलायला लागला तर आखूड गाडीला तो सोबत हलवतो. एक्सयूव्हीसारख्या वेगळी चॅसी नसलेल्या गाड्यांपेक्षा खाली शिडीसारखी लोखंडी चॅसी असलेली गाडी बरी. आणि हुकवर येणारं वजन एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के ठेवायचं, म्हणजे इथं ७५ ते १५० किलो, त्यापेक्षा कमी झालं की ट्रेलर नागमोडी चालतो, जास्त झालं की गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढचं स्टिअरिंग हलकं होतं.

मला बोलायचं होतं ते बेअरिंगचं, आणि हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ट्रेलर रस्त्यावरून आला की हब, म्हणजे चाकाचा मधला बेअरिंगचा भाग, तापलेला असतो, मे महिन्यात तर हात लावता येत नाही. तो तसाच गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. ग्रीस दुधट पांढरं होतं, आतून गंज धरतो, आणि काही दिवसांनी हायवेला वरणगावच्या आसपास कुठंतरी चाक बसतं. म्हणून काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबा, हबवर हाताची पाठ ठेवून बघा, गार लागला तरच पाण्यात घाला, आणि लाइटचा प्लग आधी काढा. स्प्रिंगनं ग्रीस दाबून ठेवणाऱ्या टोप्या मिळतात त्या बसवून घ्या. किंमत काहीच नाही त्यांची.

शेवटी मिस्तरीनंच विचारलं, "अप्पा, तुझं शेत पाण्यापासून किती लांब? ट्रॅक्टर कायले नई लावत?"

आणि खरंच, का नाही? ४५ एचपीचा ट्रॅक्टर केळीची भरलेली ट्रॉली रोज ओढतो, त्याला दीड टन म्हणजे काही नाही. काळ्या मातीत त्याच्यासारखं चाक दुसऱ्या कुणाला नाही. हळू चालतो हे तर चांगलंच. मिस्तरी म्हणे ट्रॅक्टरच्या पिनला खेळ असतो, धक्के बसून दांडीचं वेल्डिंग तुटतं, म्हणून तिथं गोळा आणि कप बसवू, खालून दोन साखळ्या आडव्या-तिडव्या, आणि दांडी बारा फूट लांब करू म्हणजे ट्रॅक्टर कोरड्यात उभा राहील आणि ट्रेलर पाण्यात जाईल. अप्पाला आधी हे कमीपणाचं वाटलं, पाहुण्यांसमोर ट्रॅक्टर कसा लावायचा म्हणे. पण पाहुणे बोटीत बसायला येतील, गाडी बघायला नाही, हे मास्तरानं सांगितल्यावर गप्प झाला. तोरणमाळला वर्षातून एकदा जायचं तर ब्रेकवाल्या ट्रेलरला तेवढ्यापुरती दणकट गाडी भाड्यानं घेता येते.

कागदपत्रांचं नानानं लिहून दिलंय. ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी. रुंदी २.६ मीटरच्या आत, साडेआठ फुटी बोट २.५९ मीटर भरते म्हणजे अगदी काठावर, रेलिंगचा एक बोल्टसुद्धा बाहेर आलेला चालणार नाही. बोटीला इनलँड व्हेसल्स अॅक्ट २०२१ खाली नोंदणी आणि तपासणी, धरणात उतरवायला जलसंपदा विभागाची परवानगी, आणि ती मिळण्याआधी कुणालाही अॅडव्हान्स द्यायचा नाही. परवानगीच नाही मिळाली तर सगळं डोक्यावर.

सध्या असं ठरलंय की फॉर्च्युनरचा विषय बंद, मिस्तरी दोन नळ्यांचं आणि तीन नळ्यांचं असं दोन्ही कोटेशन काढतोय कारण मास्तर ऐकायला तयार नाही, आणि ट्रेलर तयार झाला की सगळं सामान भरून आधी वजनकाट्यावर न्यायचा, कागदावरचे दीड टन खरे किती निघतात ते बघायला. दोन नळ्या ठरल्या तर बोटीत आठच माणसं, चालवणारा धरून, पाहुणा कितीही मोठा असला तरी नववा काठावर थांबेल, हे अप्पाकडून आम्ही सगळ्यांसमोर वदवून घेतलंय.