मानेवरचा काळा पट्टा

डिसेंबरात तीन आठवडे माहेरी होते. दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आमचं गाव. एका सकाळी पाहिलं तर वहिनी भाच्याला न्हाणीत बसवून त्याच्या मानेवर बेसन लावून वजरीनं घासत होती. "पाहा न ताई, कितीबी घासलं तरी मळ निघतच नाही याचा." भाचा ११ वर्षांचा, वजन ५६ किलो. मान खाली घालून मुकाट बसला होता. कातडी लाल झाली होती आणि काळा पट्टा तसाच होता.

मी तिचा हात धरला. तो मळ नव्हता. लठ्ठ मुलांच्या मानेमागे, काखेत असा मखमलीसारखा काळा पट्टा दिसला, की बहुतेक वेळा आत इन्सुलिनची गडबड सुरू झालेली असते. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक. शरीर ते भरपूर तयार करतं, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. अशा मुलाची रक्तातली साखर तपासून घ्यायला हवी. मला हे कळलं ते माझ्या लेकीमुळे, इंग्लंडात साउथॅम्प्टनमध्ये, जिथं आम्ही राहतो. नाहीतर मीही घासतच बसले असते.

इंग्लंडात मुलांची उंची आणि वजन शाळेतच मोजतात. एकदा चार-पाच वर्षांची असताना, एकदा दहा-अकराव्या वर्षी. मग घरी पत्र येतं. लेकीचं वजन जास्त असल्याचं पत्र आलं तेव्हा मला राग आला होता. आपलं लेकरू, आपल्या हातचं खातं, हे कोण सांगणार? दोन दिवसांनी राग उतरला आणि मी भलतंच करून बसले. आम्ही दोघं वरण-भात-पोळी खातोय आणि तिच्यापुढे नुसती काकडी आणि उकडलेलं चिकन. चौथ्या दिवशी तिच्या दप्तरात मैत्रिणीकडून मागून घेतलेल्या वेफर्सची पाकिटं सापडली. ती घाबरली होती. शाळेच्या नर्सनं मला एकच गोष्ट नीट समजावली. लेकराचं ताट वेगळं काढू नका, घराचं ताट बदला. आणि वाढत्या वयात वजन खाली आणायची घाई नसते. वजन आहे तिथं थांबलं आणि उंची वाढली, तरी लेकरू सुधारतं.

भाच्याचं कळल्यावर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर चार दिवस वाद झाला. नागपूरच्या चुलत बहिणीनं केटोचा तक्ता पाठवला: धान्य बंद, फळं बंद, लोणी-पनीर भरपूर. काकांनी दीक्षित डाएट सुचवलं, दिवसातून दोनच वेळा जेवण. आई म्हणाली, "वाढतं लेकरू हाय, खाऊ दे न वं माय. खात्यापित्या घरचं दिसू नाही काय?" आणि एका भावजयीनं मला लिहिलं, की तिकडे बसून इकडच्या चुलीवर बोलणं सोपं आहे. ते मला लागलं. तरी बोलते.

केटो लहान मुलांना देतात ते मुख्यतः औषधांना न जुमानणाऱ्या फेफऱ्यासाठी, आणि तेही रुग्णालयाच्या देखरेखीखाली. वजनासाठी घरच्या घरी करायचा तो उद्योग नाही. दीक्षित डाएटचं बीज डॉ. श्रीकांत जिचकारांचं, म्हणजे आपल्याच विदर्भातलं, पण डॉ. जगन्नाथ दीक्षित स्वतः सांगतात, की ते १८ वर्षांखालच्यांसाठी नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२३ मध्ये मुलांच्या लो-कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर कमी केलेल्या, आहारावर अहवाल काढला. मधुमेहाचा धोका असलेल्या मुलांनाही कडक लो-कार्ब सरसकट देऊ नका, गोड पेयं आणि पाकिटातला खाऊ मात्र कमी करा, असा त्याचा रोख आहे. मी याच बाजूची आहे. लेकराच्या ताटातले कार्ब कमी करायचेच, पण भाकर हिसकावून नव्हे.

आईच्या म्हणण्यात माया आहे, आणि तिची भीतीही खरी आहे. तिनं मेळघाटातली लेकरं पाहिली आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी निघाली. पण त्याच पाहणीत जास्त वजनाची मुलं आधीच्या पाहणीपेक्षा दुप्पट, चार टक्क्यांवर गेली आहेत. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची तुलना नेमकी साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी भरलं ते मांस. चरबी फारशी कमी नव्हती. अशा शरीराला पुढे तांदूळ, साखर आणि बसून राहणं मिळालं, की पोट सुटतं. म्हणून आपल्या लेकराला पोटभर देण्यापेक्षा डाळ, अंडं, दूध देणं जास्त गरजेचं आहे, खुज्यालाही आणि लठ्ठालाही.

आता भाच्याचा दिवस सांगते, तीन आठवडे डोळ्यांनी पाहिलेला. सकाळी गोड चहा आणि त्यात बुडवून अर्धा पुडा बिस्किटं. अशा बिस्किटांच्या वजनात जवळजवळ चौथा हिस्सा साखर असते. शाळेत खिचडी. चारला शाळेतून आला की दहा रुपयांचे कुरकुरे. ट्यूशनहून येताना थंडा. त्या २५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर, आणि इंग्लंडात सात ते दहा वर्षांच्या मुलाला अख्ख्या दिवसासाठी सांगितलेली मर्यादा २४ ग्रॅम, म्हणजे तेवढीच. रात्री भाताचा डोंगर, वर पातळ वरण. भाजी ताटाच्या कडेला, चिमूटभर.

त्यात भाकर कुठंच नाही. माझ्या लहानपणी घरची ज्वारी होती, कण्या होत्या, आंबील होती. आता शेतात सोयाबीन आणि कपाशी. ज्वारी पेरली तर रानडुकरं आणि पाखरं खातात, असं दादा म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही. रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ फुकट मिळतात. मग ज्वारी विकत कोण घेणार? ज्वारीतही कार्ब असतातच, त्याबद्दल भ्रम नको. पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण १० ग्रॅम, पांढऱ्या तांदळात तीनही नाहीत. दीड भाकर खाल्लेलं पोट भरल्यासारखं राहतं, भाताचं दोन तासांत पुन्हा मागतं.

शाळेच्या खिचडीचंच पाहा. सरकारी मापानं सहावीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ. पाचास एक. घरीही नकळत तेच माप झालं आहे, आणि तेही तुरीच्या मुलखात! आम्ही तूर, हरभरा, मूग बाजार समितीत नेतो आणि त्या पैशानं बिस्किटाचे पुडे आणतो. राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी काढून घेतला आणि अंडं शाळांच्या मर्जीवर सोडलं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, कार्ब जवळपास शून्य. लेकराच्या ताटातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आपण परत घेतली. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना केळं होतं, म्हणजे सक्तीही नव्हती. याचं मला फार वाईट वाटतं.

एक दुपार मात्र मी विसरणार नाही. आईनं गंजभर तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या आणि ओट्यावर आणून ठेवल्या. भाचा बसला, मी बसले. शेंग दातांत धरून दाणे ओढायचे, टरफल टोपलीत. तासभर चाललं. बोलता बोलता त्यानं हळूच विचारलं, "आत्या, मी लय जाडा हाओ काय? शाळेत मले भोपळ्या म्हणतात." मी म्हटलं, तू जाडा असशील, पण ती चूक तुझी नाही, आमची मोठ्यांची आहे. तो काही बोलला नाही. चारची कुरकुऱ्यांची वेळ होऊन गेली होती आणि त्यानं ते मागितले नव्हते.

त्या रात्रीपासून वहिनीनं बदल केला. भाताआधी सगळ्यांना भाकर, वरण घट्ट, सोले-वांग्याची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची आणि वांग्याची, भाजी वाटीभर, भात शेवटी एक डाव. खिचडीत दोन वाट्या तांदळाला एक वाटी मुगाची डाळ. आजोबांनाही तेच ताट. सकाळी बिस्किटांऐवजी दोन अंडी, नाहीतर बेसनाचं धिरडं. आई आधी कुरकुरली, मग स्वतःची रक्तातली साखरही चांगली येते म्हणून गप्प बसली. अमरावतीला बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. साखर मधुमेहात गेलेली नाही, काठावर आहे. त्यांनीही वजन उतरवायची घाई करू नका म्हणून सांगितलं, आणि संध्याकाळी एक तास मैदानावर पाठवा म्हणाले.

इंग्लंडाबद्दल मला भाबडेपणा नाही. इथंही शाळेच्या वाटेवर चिप्सची दुकानं आहेत आणि गरिबांची मुलं जास्त लठ्ठ आहेत. पण एप्रिल २०१८ मध्ये गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणात कर बसला, आणि तो चुकवायला कंपन्यांनी बाटलीतली साखरच कमी केली. आई-बापांना उपदेश न करता लेकरांच्या पोटातली साखर घटली. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून पाच टक्क्यांवर आला. थंड्यावर ४० टक्के आहे, पण तो साखर पाहून बसत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना असला माल विकायचा नाही, हा नियम आपल्याकडे २०२० मध्येच झाला आहे.

आणि इथंच मला थांबून एक गोष्ट सांगावी लागेल. आमचं किराणा दुकान जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरच आहे. रस्ता ओलांडला की दुकान. दारात कुरकुऱ्यांच्या माळा, लेकराच्या हाताच्या उंचीवर. दादाच्या घरखर्चाचा मोठा भाग त्याच माळांवर निघतो. मी निघताना त्याला एवढंच विचारलं, की आपल्याच पोराला जे बंद केलं, ते दुसऱ्यांच्या पोरांना कसं विकायचं?

तो त्या दिवशी बोलला नाही. जानेवारीच्या शेवटी फोन आला. माळा त्यानं आत, वर टांगल्यात. पुढे फुटाण्याची आणि भाजलेल्या फल्लीदाण्याची बरणी ठेवली आहे, पाच रुपयांना कागदाची पुडी. "दिवसाचा गल्ला दोनशेनं खाली आला, ताई," तो म्हणाला. "पोट्टे फुटाणे नेतात, पण कमी नेतात. दोन महिने पाहतो." मी त्याला पैसे पाठवते म्हटलं, तर त्यानं फोन भाच्याकडे दिला. भाचा सांगत होता, की पुड्या तोच बांधतो आणि एक पुडी आता सरळ बांधता येते.