बारा तास कशासाठी?

सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. तेव्हापासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच सूर लागलाय: आपल्या कामगाराला काम नकोच असतं, तास वाढवल्याशिवाय उत्पादन वाढायचं नाही. लिहिणारे बहुतेक आज पुण्यात मॅनेजर आहेत. वाचून माझा संताप होतो, आणि मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो म्हणून तो गिळणार नाही.

भोसरीत मी काम केलंय. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, इन्सर्ट (धातू कापणारं छोटं पातं) तुटला की ऑपरेटरने सुपरवायझरला शोधायचं, चिठ्ठीवर सही घ्यायची, मग स्टोअर गाठायचं. स्टोअरकीपर जेवायला गेलेला असला की दाराला कुलूप. तोवर मशीन बंद. शिफ्टअखेर नग कमी भरले की बोलणी ऑपरेटरला. इथे टूलची ट्रॉली मशीनला लागून उभी असते आणि जॉब, म्हणजे तयार होणारा भाग, मापात बसत नसेल तर ऑपरेटर कुणाला न विचारता मशीन थांबवतो. साडेतीनला फायरआबेंड, म्हणजे दिवसाचं काम संपलं. जर्मन माणूस वर्षाला सरासरी साडेतेराशेच्या आसपास तास भरतो, आपला दोन हजारांवर. मग आळशी कोण? (जर्मनीचे चॅन्सेलर मेर्त्ससुद्धा हल्ली जर्मनांना जास्त काम करा म्हणतात. तेही मला पटत नाही.)

जर्मनी नको तर तारापूर घ्या. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत केलेला प्रयोग २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांत सल्लागार बसवले. त्यांनी सुताचा साठा लावून घेतला, जमिनीवरचा पसारा हटवला, माग का बंद पडला आणि कापडात दोष कुठे आला याची रोज नोंद ठेवायला लावली. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. तिथे आणखी एक गोष्ट दिसली: कारखाना किती मोठा होणार हे मालकाच्या घरात पुरुष किती, यावर बरंचसं ठरत होतं. बाहेरच्या माणसाच्या हाती कारभार द्यायचा भरवसाच नव्हता. या अविश्वासाबद्दल ग्रुपवर एक अक्षर नाही.

शरीराबद्दलही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. अशी बाई मे महिन्यात पत्र्याखाली शिलाई मशीनवर बसते, तिचा अकरावा तास किती कामाचा? बंगळुरूच्या कपडे कारखान्यांत साधे एलईडी दिवे लावले, उष्णता घटली आणि उकाड्याच्या दिवसांत काम वाढलेलं दिसलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तू गेलास, आता शिकवू नकोस. ते मनाला लागतं. माझे बाबा चिंचवडला आयुष्यभर थर्ड शिफ्ट करत आले, माझी फी त्यांच्या ओव्हरटाइममधून गेली. त्यांना कुणी कामचुकार म्हटलं तर मी कुठेही असलो तरी बोलणार. इथल्या बेट्रीब्सराटच्या, म्हणजे कंपनीतल्या कामगार प्रतिनिधींच्या मंडळाच्या, बैठकीत भाषा अडते, मी बहुतेकदा गप्प बसतो. हक्काने भांडावं अशी जागा माझ्यासाठी तो ग्रुपच उरलाय.

म्हणून तिथल्या मित्रांना मागणं आहे: गेल्या आठवड्यात तुमच्या प्लँटमध्ये कुठलं मशीन किती वेळ आणि कशामुळे बंद होतं, तेवढे आकडे टाका. बारा तासांचं मग बोलू.