बिबटे सोडणारी रात्रीची गाडी

आत्याचा फोन आला तेव्हा मी कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभा होतो. जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ तिची शेती आहे. म्हणाली, "अरे, हे बिबटे रात्री गाडीतून आणून सोडतात म्हणे. गळ्यात पट्टा बांधून रिमोटनं फिरवतात. तुमच्या त्या अभ्यास करणाऱ्या लोकांचेच उद्योग!" हाच मेसेज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. कोथरूडमध्ये ती करमणूक असते. पण त्यापायी आत्यानं वनरक्षकाचा फोन उचलणं बंद केलंय, हे ऐकून डोकं फिरलं.

आधी रिमोट. पट्ट्यातून फक्त जनावर कुठे आहे ते कळतं. त्याला वळवता येत नाही, थांबवता येत नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून, पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. अभ्यासकांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. हे आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालत, वाटेतले महामार्ग ओलांडत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोचले. रिमोट कुणाच्या हातात असता तर त्यानं बिबट्याला मुंबईच्या दिशेनं कशाला धाडलं असतं?

"परदेशी पैशावर चाललेलं कारस्थान" या मेसेजातल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. जनावरांना अशी यंत्रं बसवून काय साधतं, तेवढं सांगतो. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी अमूर ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले जात. २०१३ मध्ये तिथल्या तीन पक्ष्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली आणि ते अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात हे गावकऱ्यांनी पाहिलं. एका पक्ष्याला तर त्यांच्याच पांगती गावाचं नाव दिलं होतं. शिकार तोवर गावांनीच थांबवली होती. कारस्थान असेल तर असं असतं.

आता गाडी. मेसेजसोबत फोटो आहे: रात्रीची वेळ, वनखात्याची जीप, उसाच्या कडेला ठेवलेलं प्लास्टिकचं क्रेट. आत्या, तू हा फोटो ओळखायला हवा होतास! दोन वर्षांपूर्वी तुझ्याच फडात तोड चालू असताना पाचटात तीन पिल्लं निघाली. मांजराएवढी, फिस्कारणारी. टोळीनं कोयते टाकले आणि बांधावर जाऊन बसली. संध्याकाळी वनरक्षक आला, पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवली, वर झाकण आणि आईला पंजानं पाडता येईल एवढाच दगड. क्रेट तुझं होतं, नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो न्यायचं. रात्री मादी आली आणि एकेक करून तिन्ही घेऊन गेली. पिल्लं परत आईकडे दिली नाहीत तर ती सैरभैर होऊन तिथेच घिरट्या घालते, म्हणून ही गाडी रात्री येते.

"जंगल तोडलं म्हणून बिबटे आले" हे निम्मंच खरं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे निघाले, तेही चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात तिथे. ते उसातच जन्मतात आणि बरेचसे कुत्र्यांवर जगतात. त्यांनी जंगल पाहिलेलंच नाही, तर येणार कुठून?

शेवटी मेसेजातला उपाय, आणि माझा खरा राग यावर आहे: "सगळे पकडा आणि लांबच्या जंगलात सोडा." म्हणजे वर ज्या गोष्टीसाठी शिव्या, खाली तीच मागणी! आणि इथे नाइलाजानं कबूल करतो, बिबटे आणून सोडल्याची अफवा अगदीच हवेतून आलेली नाही. २००१ पासून जुन्नर पट्ट्यात बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलात खरंच सोडले जात होते. लोकांचीच मागणी होती. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अशा २९ बिबट्यांचा हिशोब २०११ साली 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या शोधपत्रिकेत मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, ही धरपकड सुरू झाल्यावर ते १७ झाले. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर परत निघतं. इकडे रिकाम्या जागेत दुसरं शिरतं. शिरूर-जुन्नरकडे माणसं गेलीत, लेकरं गेलीत. ज्याचं गेलं त्यानं काहीही मागावं, त्याला मी शहाणपण शिकवणार नाही. पण एसीत बसून हा उपाय पुढे ढकलणाऱ्यांनी ४ आणि १७ हे दोन आकडे तरी वाचावेत.

एवढं सगळं फोनवर ऐकून आत्या जरा गप्प झाली. मग गोठ्याला जाळी वरूनही लावायची का, असं विचारलं. वरूनही लाव म्हटलं, आणि त्या वनरक्षकाचा फोन घेत जा.

"घेते," ती म्हणाली. "माणूस बरा आहे तो. क्रेट धुऊन आणून दिलं होतं त्यानं."